प्लॉट मे महिन्यात बघू नका

नमस्कार मंडळी. सोलापुरात समुद्रावर बोलणार म्हटल्यावर मगाशी एक काका म्हणाले, इथं उजनीचं पाणी नळाला आलं तरी पुरे की हो. पण हा विषय तुम्हाला पटकन कळेल असं मला मनापासून वाटतं, आपल्या काळ्या मातीमुळं. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला चीर पडते, मग आपण पायाच त्या हिशोबानं घेतो. जमीन हलते हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. किनाऱ्यावर बांधणारे मात्र ती जागेवरच राहणार असं धरून चालतात.

एक अनुभव सांगतो, जरा लांबेल. रत्नागिरी जिल्ह्यात एका गृहस्थांनी प्लॉट घेतला, मे महिन्यात बघून. समोर ही रुंद पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू! माझ्याकडे घर बांधायचं काम आलं तेव्हा कंपाउंडची भिंत आधीच उभी होती, जांभ्याची, सहा फूट, अगदी वाळूच्या कडेला. मी म्हटलं पाडा, ते म्हणाले, अहो समुद्राला अडवायलाच तर बांधलीय. शेजारच्या आजी म्हणाल्या, मी लग्न होऊन आले तेव्हा पुढं माडाच्या चार रांगा होत्या. मी मोजल्या तर एकच, आणि तिच्याही मुळ्या उघड्या, झिजलेल्या केरसुणीसारख्या. आमच्या टोटल स्टेशनच्या, म्हणजे जमीन मोजायच्या यंत्राच्या, सर्व्हेत झाड न् झाड होतं, पण गेलेल्या तीन रांगा कुठून येणार?

पहिला पावसाळा भिंत टिकली. दुसऱ्या वर्षी जुलैच्या उधाणात लाट भिंतीवर आपटायची, मागं फिरताना पायथ्याची वाळू खरवडून न्यायची, शेवटी पाया उघडा पडला आणि भिंत समुद्राकडंच आडवी झाली. त्याआधी भिंतीच्या टोकाशी आजींच्या बाजूची वाळू इतकी कापली गेली की त्यांची उरलेली रांगही गेली. याचं मला आजही वाईट वाटतं, त्यांनी तर भिंत मागितलीच नव्हती.

पावसाळी लाटा पुळणीची वाळू ओढून पाण्याखाली बांधासारखी साठवतात, पाऊस सरला की शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. म्हणून मेमध्ये पुळण भरलेली दिसते आणि ऑगस्टमध्ये पार रोडावते. प्लॉट ऑगस्टमध्ये बघा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग मूळ विषय, किनाऱ्यावर घर कसं बांधायचं, भराभर घेतो. किनारा वर्षाला किती मागं सरतोय गुणिले घर किती वर्षं हवंय, निदान तेवढं अंतर सोडायचं, वर उधाणाची जागा वेगळी. सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या सरकारी नियमाचं, अंतर भरतीच्या रेषेपासून मोजतात, त्यात धुपेचा हा वेग धरलेला नसतो. लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत, फुकट मिळतात, एका घरासाठी ती फार ढोबळ पडतात म्हणून आजींसारख्या माणसांकडून ताडून घ्यायची. घर खांबांवर उचललेलं, हलकं, नटबोल्टचं, उद्या सोडवून मागं नेता येईल असं. कंपाउंड नको, वाळूला ये-जा करू द्या, वाळूच्या टेकाडावर मर्यादवेल, ही वाळू धरून ठेवणारी वेल, असू द्या, तिच्या नावातच सगळं आलं.

आणि मागं नेणं हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेतलं केप हॅटरसचं दीपगृह १८७० मध्ये झालं तेव्हा पाण्यापासून १,५०० फुटांवर होतं, शंभर वर्षांत १२० फुटांवर आलं. १९९९ मध्ये तो अख्खा विटांचा मनोरा रुळांवरून २३ दिवसांत २,९०० फूट सरकवला आणि तो पुन्हा पाण्यापासून १,६०० फुटांवर गेला!

फोटो दाखवायचे राहिलेच. एकाच खांबापाशी उभं राहून काढलेत, एक मेचा, एक ऑगस्टचा. लॅपटॉप इथंच चालू ठेवतो, पुढं या आणि बघा.