हलची भावंडं

(दृश्य: हल बंदर, पहाट. दूरवर बोटीचा भोंगा.)

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हल. एकेकाळी इथून निघालेले ट्रॉलर मासे पकडायला थेट आइसलंडच्या समुद्रापर्यंत जायचे. याच शहरात नॉर्मा, माइक आणि लॅल ही वॉटरसन भावंडं वाढली. आईवडील लवकर गेले. तिघांना आजीनं सांभाळलं. गाणं घरातच होतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

1956 च्या सुमारास ब्रिटनमधल्या पोरांना स्किफलचं वेड लागलं. एखादी गिटार, तालाला कपडे घासायची पत्र्याची फळी आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी न् दोरी बांधून केलेला बास. झाला बँड! वॉटरसनांनीही सुरुवात तिथूनच केली. नात्यातला जॉन हॅरिसन चौथा. आधीचं नाव मरिनर्स, मग फोकसन्स, शेवटी सरळ आडनावच: वॉटरसन्स. पबमध्ये स्वतःचा गाण्याचा क्लबही चालवला. हळूहळू वाद्यं सुटली.

(ध्वनी: चार आवाज, साथीशिवाय. दहा सेकंद निवेदन नाही.)

आपल्या भजनात बुवा ओळ सांगतात आणि टाळकरी तीच ओळ, त्याच सुरात उचलतात. इथे तसं नाही. एक जण चाल धरतो. ध्रुवपदाला बाकीचे आत शिरतात, पण ज्याची त्याची वाट वेगळी. कुणी वर, कुणी खाली. मध्येच दोघं एका सुरावर येतात, क्षणभर थांबतात, पुन्हा फाकतात. लॅलचा सूर तर भलत्याच जागी जाऊन बसतो. हार्मनी शिकवणाऱ्या मास्तरांनी तो बहुधा खोडलाच असता. बरं झालं, मास्तर नव्हते!

आणि तरी हे एकजीव वाटतं. एका घरात, एकाच बोलीत वाढलेल्यांचा ‘आ’ सारखाच उघडतो. शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे खुणावावं लागत नाही. चार अनोळखी गायकांना एवढ्यासाठी महिनोन्‌महिने तालीम करावी लागते.

1965 साली टॉपिक रेकॉर्ड्सनं त्यांची तबकडी काढली. वर्षभरातल्या सणांची आणि ऋतूंची जुनी गाणी, महिन्यांच्या क्रमानं. मग गाडी, रस्ता, आज हा क्लब, उद्या तो. 1968 मध्ये दमून त्यांनी हे सगळं थांबवलं. नॉर्मा तर कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर रेडिओच्या नोकरीला गेली.

(दृश्य: रिकामा मंच, चार खुर्च्या.)

1972 च्या सुमारास भावंडं पुन्हा एकत्र आली. जॉन मात्र नव्हता. पुढे चौथी जागा घेतली मार्टिन कार्थीनं. नॉर्माचा नवरा, आणि तोवर इंग्लंडमधला नावाजलेला गिटारवादक. या घरात आल्यावर त्यानं गिटार पेटीत ठेवली, तिघांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यांच्या सुरांमधली आपली फट शोधू लागला.

(ध्वनी: एक आवाज. मग चार.)