इंजिन अचानक मेलं? आधी टाकीचं झाकण उघडा

(टाकीचं झाकण फिरवताना जवळून. आवाज: फुस्सऽ)

ऐकलंत? पुन्हा ऐका.

(फुस्सऽ)

एवढ्याशा या आवाजापायी आमचा दीड महिना गेला, वर एक नवा पंप आला आणि दोघा भावांत चार दिवस अबोला राहिला.

नमस्कार मंडळी. मी गोव्यात, डिचोलीत, दादाच्या काजूच्या बागेतल्या शेडमध्ये आहे. मागे दिसतंय ते विमानच आहे, फक्त पंख अजून लावलेले नाहीत. ते तिकडे भिंतीला टेकवून ठेवलेत आणि त्यांच्या सावलीत मांजर झोपलंय. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मालीम जेटीवर ट्रॉलरची आणि आउटबोर्डची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची वीस वर्षं गेली. हे दोन आसनी विमान तो गेली पाच वर्षं बांधतोय. डीजीसीएचे, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याचे, कागद व्हायचेत, त्यामुळे उडण्याची गोष्ट लांब आहे. घरी विमान बांधायचं म्हटलं की लोक अमोल यादव यांचं नाव घेतात. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं त्यांचं सहा आसनी विमान २०१६ मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात आलं होतं आणि २०१७ मध्ये त्याला नोंदणी मिळाली. दादाचा पसारा त्यामानाने लहान आहे. इंजिन रोटॅक्स कंपनीचं ९१२ यूएलएस, शंभर अश्वशक्तीचं, आणि टाकी सीटच्या मागे.

तर झालं असं. एप्रिल महिना, हुर्राकचा म्हणजे काजूच्या दारूचा सीझन. विमान फणसाच्या झाडाला साखळीने बांधलं, चाकांखाली ठोकळे, बाजूला आग विझवायचं नळकांडं. इंजिन चालू केलं, छान चाललं. अकराव्या मिनिटाला दोन आचके दिले आणि मेलं. वीस मिनिटं थांबलो, परत स्टार्टर मारला तर पहिल्याच फटक्यात सुरू! पुन्हा दहा-बारा मिनिटं, पुन्हा तेच.

आता तुम्ही सांगा, गरम झाल्यावर बंद पडतंय आणि थंड झाल्यावर चालू होतंय, तर काय वाटेल? दादाला वाटलं व्हेपर लॉक. मलाही तेच वाटलं. म्हणजे पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होते. पंप द्रव ढकलू शकतो, पण त्याच्या तोंडात वाफ आली की नुसता फिरत बसतो. घाटात गरम झालेली गाडी बंद पडायची, त्यातला एक प्रकार हाच. निदान अगदी पटण्यासारखं होतं. मग काय, नळ्या एक्झॉस्टपासून दूर नेल्या, त्यांवर उष्णता अडवणारी बाही चढवली, नवा पंप मागवला. आणि इंजिन पुन्हा अकराव्या मिनिटाला बंद.

चौथ्या वेळी मी वैतागून पेट्रोल किती उरलंय ते बघायला झाकण फिरवलं, आणि फुस्स. टाकीने हवा आत ओढली.

टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी लागते. त्यासाठी व्हेंटची बारीक नळी असते, आमच्या विमानात ती पोटाखाली उघडते. तिच्या तोंडात कुंभारणीने मातीचं घर केलं होतं. कुंभारीण माशी हो, ती दाराच्या चौकटीत, स्विचबोर्डाच्या भोकात मातीची मडकी करते ती. गोव्यात शेड असेल तिथे ती असणारच. व्हेंट बुजला, टाकीत पोकळी झाली, पंपाला खेचवेना. बंद पडल्यावर त्या मातीच्या फटीतून हळूहळू हवा झिरपायची, वीस मिनिटांत टाकी भानावर यायची. इंजिन थंड व्हायलाही वीसच मिनिटं लागतात! दोन वेगळी दुखणी, पण वेळापत्रक एकच. आम्ही फसलो ते इथे.

म्हणून आता आमच्या शेडचा नियम असा. इंजिन मेलं की स्टार्टरला हात लावायचा नाही. आधी टाकीचं झाकण उघडायचं आणि कान द्यायचा. पुन्हा स्टार्ट मारलात तर पुरावा गेला.

आता मेलं कसं, हे नीट बोलू. डॉक्टर पोटात दुखतंय एवढ्यावर गोळी देत नाही, कुठे, कधी, कसं ते विचारतो. तसंच इथे.

दिवा मालवावा तसं एका क्षणात शांत झालं, आचका नाही, खोकला नाही, तर मी पहिला संशय विजेवर घेतो. ९१२ ला स्पार्क देणारी दोन वेगळी सर्किट असतात आणि त्यांना बॅटरी लागत नाही, इंजिन स्वतःच वीज तयार करतं. ती बंद करायची तर वायर जमिनीला म्हणजे अर्थला जोडतात. मग अशी वायर कुठे घासून तिचं प्लास्टिक निघालं आणि ती सांगाड्याला टेकली, तर स्विच चालू असूनही ते सर्किट बंद. दोन्ही वायरी एकाच भोकातून, एकाच पट्ट्याने बांधून नेल्या असतील तर दोन सर्किट असून उपयोग काय? गाडीचं इंजिन विमानात बसवणाऱ्यांनी इथे जास्तच सावध राहावं. इंजेक्शन, पंप, स्पार्क सगळं एका बॅटरीवर असतं, आणि एक अर्थची वायर सैल झाली की सगळं एकदम जातं.

इंजिन बंद नाही पडलं पण अंगात आल्यासारखं थरथरायला लागलं, ताकद निम्मी झाली, तर एका बाजूचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, बघा. ९१२ ला दोन असतात, प्रत्येकी दोन सिलेंडरना एक. त्यातला रबरी पडदा फाटला की त्या बाजूची, हवेची वाट मोठी करणारी सरकपट्टी वर उचलली जात नाही. किंवा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारे ते छोटे तुकडे, पेट्रोल पिऊन जड होतात आणि बुडतात. त्यांचं वजन करा, एका कार्ब्युरेटरमधल्या जोडीचं सात ग्रॅमच्या वर नको. दादा ते डिचोलीच्या सोनाराकडे घेऊन गेला होता. सोनार म्हणाला, घडणावळ किती लावू?

खोकत, चढउतार करत, तडफडून मेलं, तर पेट्रोल. बांधकामात उरलेले फायबरग्लासचे धागे, सीलंटचे कण, जोडावर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचा तुकडा, हे सगळं फिल्टरवर येऊन बसतं. नव्या विमानाचा फिल्टर पहिल्या काही तासांत पुन्हा पुन्हा उघडून बघायला हवा, आणि त्यात काय सापडलं ते बाटलीत भरून ठेवा. आमची बाटली ही. (बाटली कॅमेऱ्याजवळ) हा निळा धागा माझ्या वहिनीच्या ओढणीचा आहे. तो टाकीत कसा गेला हे आजवर कुणी कबूल केलेलं नाही.

आणि चौथा प्रकार. आवाज ठीक, पण आरपीएम हळूहळू उतरतात, जसं कुणी नकळत थ्रॉटल मागे घेतोय. हे बर्फ.

हसू नका. गोव्यात बर्फ म्हटलं की लोकांना मासळीबाजार आठवतो. पण लग्नाच्या जेवणावळीत मोठ्या शेगडीला लावलेला सिलेंडर बघितलाय ना? मे महिन्याच्या उकाड्यात बाहेरून ओलाकंच, आणि गॅस जोरात खेचला तर खालच्या अंगाला पांढरी साय धरते. द्रवाची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते. कार्ब्युरेटरच्या गळ्यात पेट्रोलची वाफ होते, वर तिथे हवेचा दाबही कमी होतो, त्यामुळे तापमान २० ते ३० अंशांनी उतरू शकतं. बाहेर जुलैची हवा २६ अंश, आणि दमट इतकी की पापड वाळत नाही. २६ मधून २८ वजा करा. त्या हवेतलं पाणी गळ्यात गोठतं आणि वाट अरुंद करतं. कोरड्या थंडीच्या प्रदेशात हवेत पाणीच कमी, म्हणून तिथे हा त्रास उलट कमी होतो. आपल्या पावसाळ्यात, थ्रॉटल अर्धवट मिटून खाली उतरताना, धोका सगळ्यात जास्त. आणि विमानाच्या पेट्रोलपेक्षा गाडीच्या पेट्रोलवर तो जास्त, कारण त्याची वाफ लवकर होते.

यावर उपाय कार्ब हीट, म्हणजे एक्झॉस्टजवळची गरम हवा कार्ब्युरेटरला देणं. पण ती ओढल्यावर आधी इंजिन आणखी बिघडल्यासारखं वाटतं, कारण वितळलेलं पाणी सिलेंडरमध्ये जातं. नवखा घाबरतो आणि लिव्हर परत ढकलतो. ढकलू नका, थोडा वेळ सोसा. आणि ती लवकर ओढा, कारण इंजिन पुरतं मेलं की एक्झॉस्ट थंड होतो, मग गरम हवा आणणार कुठून? काही विमानांत इंजिन बॉनेटच्या आतली गरमच हवा घेतं, तिथे हा त्रास कमी, पण ताकदही थोडी कमी मिळते. दादाने बाहेरची थंड हवा घेणारी पेटी केलीय, म्हणून आमचा यावर वाद चालू आहे.

या प्रकाराची खोडी ही की पुरावा वितळून जातो. शेतात उतरलेलं विमान अर्ध्या तासाने तपासायला गेलात तर इंजिन नव्यासारखं चालतं, आणि सगळे पायलटकडे संशयाने बघतात.

पेट्रोलवरून आलेला एक मुद्दा. आता आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. रोटॅक्सने ९१२ साठी १० टक्क्यांपर्यंत मान्यता दिलेली आहे. इथेनॉल पाणी शोषून घेतं. साध्या पेट्रोलमध्ये पाणी तळाला बसतं आणि खालच्या नळातून बरणीत काढलं की बुडबुडा दिसतो. इथेनॉल असेल तर थोडं पाणी विरघळून जातं, बरणीत काही दिसत नाही. मग गारवा आला किंवा पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली वेगळा थर धरतात, आणि नळी टाकीच्या तळातूनच निघते! शिवाय काही जातींच्या रेझिनच्या टाक्या, जुने रबर, सीलंट यांना ते मऊ करतं. घरी तपासायचं तर उंच अरुंद नळीत थोडं पाणी घाला, खूण करा, वर पेट्रोल ओता, हलवा, ठेवा. खालची पातळी खुणेच्या वर चढली तर तेवढं इथेनॉल पाण्याने ओढून घेतलं.

आता माणसाकडे येऊ. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियात मॉन्टेरी खाडीवर गायक जॉन डेनव्हर यांचं लाँग-ईझी विमान कोसळलं. घरी बांधलेलं विमान, त्यांनी ते बांधणाऱ्याकडून नाही, पुढच्या मालकाकडून घेतलेलं. टाकी बदलायचा कॉक मूळ आराखड्यात पायलटच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे, पाठीच्या भिंतीवर बसवला होता. तिथे पोचायला मान आणि अंग वळवावं लागे. उड्डाणाआधी टाकीत पेट्रोल कमी होतं आणि त्यांनी भरून घेतलं नाही. यात इंजिनाचा दोष कुठे आहे?

म्हणून दादाला मी म्हटलं, तू वीस वर्षं इंजिनं उघडलीस, त्यामुळे तुझा हात आधी इंजिनाकडे जातो. हे रोटॅक्स कारखान्यात तपासून आलंय. टाकी, नळ्या, कॉक, वायरी, व्हेंट तू केलेस. अबोला इथून सुरू झाला. पण बोललो ते चूक नव्हतं. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास काढला, त्यात इंजिनची ताकद जाणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही दोन मोठी कारणं निघाली. पहिल्या उड्डाणाआधी इंधन यंत्रणेची चाचणी झालीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

हवेत असताना काय करायचं ते थोडक्यात, कारण हे व्हिडिओ बघून नाही, प्रशिक्षकाबरोबर शिकायचं. नाक खाली, वेग राखा. हलक्या विमानाचा वेग मोजक्या सेकंदांत पडतो आणि माणूस मात्र त्या वेळी मीटर बघत बसतो. उड्डाण घेताना कमी उंचीवर मेलं तर समोर उतरायचं, धावपट्टीकडे वळायला जायचं नाही. उंची असेल तरच कॉक बदला, पंप चालू करा, कार्ब हीट ओढा, दोन्ही इग्निशन बघा.

आता आजचं काम. (कॅमेरा विमानाकडे) नाकाचं चाक चार चिऱ्यांवर चढवलंय, म्हणजे विमान तीव्र चढाई करतंय अशी स्थिती. टाकी मागे आणि खाली गेली, पंपाला सगळ्यात जड जाईल असा हा कोन. टाकीत मुद्दाम थोडंच पेट्रोल. कार्ब्युरेटरची नळी काढून मापाच्या कॅनमध्ये सोडलीय. नियम असा की पंपावर चालणाऱ्या यंत्रणेने इंजिनच्या कमाल गरजेच्या सव्वापट पेट्रोल द्यावं. टाकी उंचावर असून नुसत्या उताराने येत असेल तर दीडपट. आमच्या इंजिनला उड्डाण घेताना तासाला २७ लिटर लागतं. सव्वापट म्हणजे जवळपास ३४. दहा मिनिटांत साडेपाच लिटरच्या थोडं वर यायला हवं. हे काम उघड्यावर करा, मोबाइल लांब ठेवा, आणि कॅनला अर्थची वायर जोडा.

दादा, घड्याळ लाव.

(दहा मिनिटांनंतर)

पाच लिटर दोनशे मिली. म्हणजे तासाला ३१. व्हेंट साफ आहे, बारीक जाळी बसवलीय, झाकण उघडून पाहिलं, फुस्स नाही. तरी कमीच. दादाचं बोट या ९० अंशाच्या जोडावर आहे, कॉकनंतरचा. आतून बघितलं तर भोक नळीपेक्षा बारीक आहे, आणि तो जोड मी आणला होता, हे त्याने आताच कॅमेऱ्यासमोर सांगून झालंय. उद्या तो काढून लांब वळणाची नळी घालतोय. पुन्हा मोजू, जो आकडा येईल तो या व्हिडिओखाली लिहीन.