ध्वज अर्ध्यावर आणताना

(दृश्य: ध्वजस्तंभाची दोरी, अगदी जवळून.)

शोकाच्या दिवशी ध्वज अर्ध्यावर आणायचा, तर आधी तो वर न्यावा लागतो. पार टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर तिथे ठेवायचा, मग सावकाश निम्म्यावर आणून दोरी बांधायची. संध्याकाळी उतरवण्याआधी पुन्हा एकदा टोकाला न्यायचा. आपल्या ध्वजसंहितेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी कितीतरी ठिकाणी तो सकाळी परस्पर निम्म्यावर बांधून टाकतात आणि मानवंदनेतलं मुख्य तेच राहून जातं.

९ जुलै २०२२ला भारतभर ध्वज अर्ध्यावर आले ते जपानचे माजी पंतप्रधान शिंजो आबे यांच्यासाठी. आदल्या दिवशी नारा शहरात भाषण करताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. इथे एक दिवसाचा दुखवटा शांतपणे पार पडला. खुद्द जपानमध्ये मात्र त्यांच्या निरोपावरून देश दुभंगला.

(दृश्य: तोक्यो, संसद भवनाबाहेर फलक घेऊन उभी गर्दी.)

२०१५च्या सुरक्षा कायद्यांनी आबेंनी जपानी सैन्याला मित्रदेशांच्या बचावासाठी लढण्याची वाट खुली केली. समर्थकांना ती दूरदृष्टी वाटली, विरोधकांना राज्यघटनेचा भंग. अशा नेत्याला शासकीय इतमाम द्यायचा की नाही, हे सांगणारा कायदाच जपानकडे नव्हता. जुना नियम १९४७मध्ये संपला. त्यानंतर हा मान मिळालेले पंतप्रधान एकच, शिगेरू योशिदा, १९६७मध्ये.

आबेंना तो मान देण्याचा निर्णय २२ जुलै २०२२ला मंत्रिमंडळाने घेऊन टाकला, संसदेत मतदान न घेता. खर्च सांगितला सुमारे २५ कोटी येन. त्यात बंदोबस्त आणि परदेशी पाहुण्यांची सोय धरलीच नव्हती. ती धरल्यावर अंदाज गेला १६६ कोटींवर. प्रत्यक्ष खर्च पुढे यापेक्षा कमी आला, पण तोवर विश्वास उडालेला होता. जनमत चाचण्यांत विरोधाचं पारडं जड झालं. २७ सप्टेंबरला निप्पॉन बुदोकान सभागृहात सोहळा झाला, तेव्हा जवळच्या बागेत फुलं वाहायला लांबच लांब रांग होती आणि संसदेपाशी निषेधाच्या घोषणा. दोन्हीकडची माणसं मनापासून आली होती.

अमेरिकेत हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. आजी किंवा माजी अध्यक्ष गेला की ध्वज ३० दिवस अर्ध्यावर. राजीनामा देऊन पायउतार व्हावं लागलेले रिचर्ड निक्सन १९९४मध्ये गेले, तेव्हाही ३० दिवसच. हा मान पदाचा असतो. माणसाच्या कारभाराचा निवाडा त्यात येत नाही, म्हणून तो सहसा कुणाला खुपत नाही. मान किती द्यायचा हे माणूस हयात असतानाच लिहून ठेवावं, असं आम्हाला ठामपणे वाटतं. मृत्यूनंतर ठरवायला बसलं की सत्तेवर असलेला पक्ष आपल्या सोयीने मोजमाप करतो.

(दृश्य: ब्रिटिश संसद.)

उरतं शोकभाषण. एप्रिल २०१३मध्ये ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या निधनानंतर विरोधी पक्षनेते एड मिलिबँड बोलायला उठले. त्यांनी थॅचर यांचं कर्तृत्व सांगितलं आणि त्याच भाषणात खाण कामगारांच्या वस्त्यांना एकटं टाकल्यासारखं वाटलं होतं, हेही सांगितलं. आवाज चढला नाही, विशेषणं लागली नाहीत. कठीण बाजू गाळली की ज्यांनी ती सोसली त्यांना भाषण खोटं वाटतं. नुसती तीच उगाळली तर घरच्यांच्या दुःखाला जागा उरत नाही.

थॅचर यांच्या अंत्ययात्रेच्या वाटेवर काही जणांनी शवपेटीकडे पाठ फिरवली. असं करणाऱ्याला हटवू नये. तोही तिथे उभाच असतो. सक्तीनेच जास्त बिघडतं: जपानमध्ये आबेंच्या घरच्या अंत्यविधीच्या दिवशी काही शिक्षण मंडळांनी शाळांना ध्वज अर्ध्यावर आणायला सांगितलं आणि टीका ओढवून घेतली. सप्टेंबरच्या सोहळ्यासाठी सरकारने शाळांना तशी विनंती केली नाही.