गोळी बंद होते तेव्हा

अवयवाचं प्रत्यारोपण झाल्यावर मास्क, गर्दी, हात धुणं याबद्दल तुम्हाला घरी सोडतानाच इतकं सांगितलेलं असतं, की मी त्यात वेळ घालवत नाही. ते पाळाच. मला आज बोलायचंय ते वेगळ्या विषाणूंबद्दल. प्रत्यारोपणानंतर सर्वांत जास्त सतावणारे विषाणू बहुतेक वेळा गर्दीतून येत नाहीत. ते एकतर आपल्याच शरीरात वर्षानुवर्षं मुक्कामाला असतात, नाहीतर दात्याच्या अवयवाबरोबर येतात.

१९५४ साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. त्यामुळे शरीराला तो अवयव परका वाटला नाही आणि प्रतिकारशक्ती दाबावी लागली नाही. तसा जुळा भाऊ कितीजणांना असतो? बाकीच्यांना टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टेरॉइड यांवाचून गत्यंतर नाही. ही औषधं मुख्यतः टी-पेशींना, म्हणजे परक्या गोष्टींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आवर घालतात, म्हणून नवा अवयव टिकतो. पण शरीरात दडून बसलेल्या विषाणूंवर पहारा असतो तोही याच पेशींचा.

या विषाणूंमध्ये पहिला मान सायटोमेगॅलोव्हायरसचा, म्हणजे सीएमव्हीचा. कांजिण्या आणि नागीण ज्यामुळे होते, त्या विषाणूच्याच कुळातला. निरोगी माणसाला तो झालेला बहुधा कळतही नाही. मात्र एकदा शिरला की जन्मभर राहतो. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी दाता आणि रुग्ण, दोघांच्याही रक्तात त्याच्या अँटिबॉडी, म्हणजे तो पूर्वी शिरल्याच्या खुणा, आहेत का ते बघतात. दात्याच्या रक्तात आहेत, रुग्णाच्या रक्तात नाहीत, ही जोडी सगळ्यात धोक्याची. अवयवातून विषाणू येतो आणि रुग्णाच्या शरीराला त्याची ओळखच नसते.

अशा रुग्णाला मूत्रपिंड बसवल्यावर साधारण सहा महिने सीएमव्हीला रोखणारी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी देतात. फुफ्फुस बसवलं असेल तर बरेचदा त्याहून जास्त. दुसरी पद्धत अशी, की गोळी न देता दर आठवड्याला रक्तातला विषाणू मोजणारी पीसीआर तपासणी करायची आणि विषाणू वाढताना दिसला की लगेच उपचार सुरू करायचे. ही पद्धत चांगली आहे, पण एकही आठवडा न चुकवणाऱ्यांसाठी. ज्यांना प्रयोगशाळा लांब पडते, त्यांना मी गोळीच सुचवेन.

गोळी संपली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. तपासण्या लांबतात, कामावर रुजू होतात. आणि नेमकं त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत सीएमव्ही डोकं वर काढतो. गोळीने त्याला रोखून धरलेलं असतं, मारलेलं नसतं. बारीक ताप, गळून गेल्यासारखं वाटणं, न थांबणारे जुलाब, रिपोर्टमध्ये उतरलेल्या पांढऱ्या पेशी. यातलं काही दिसलं तर पोट बिघडलं असेल म्हणून घरी बसू नका. आतड्यातला सीएमव्ही कधीकधी रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. दुर्बिणीने बायोप्सीच, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा तपासायला, घ्यावी लागते.

आता एक गोष्ट जरा खोलात जाऊन सांगतो. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरने पांढऱ्या पेशी कमी होतात. मग कुणीतरी सुचवतं, गोळी अर्धी करा. मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर त्या हिशोबाने डोस ठरवावाच लागतो, तो भाग निराळा. पण निव्वळ पेशी घटल्या म्हणून डोस अर्धा करणं म्हणजे विषाणूला औषधाची सवय लावणं. त्यापेक्षा मायकोफिनोलेट कमी करता येतं, पेशी वाढवणारं इंजेक्शन देता येतं. मूत्रपिंडाच्या अशा जोखमीच्या रुग्णांसाठी २०२३ साली अमेरिकेत लेटरमोव्हिर या सीएमव्ही रोखणाऱ्या दुसऱ्या औषधालाही मान्यता मिळाली. ते अस्थिमज्जेला, म्हणजे जिथे रक्तपेशी तयार होतात तिला, त्रास देत नाही. मात्र नागिणीला रोखत नाही, त्यासाठी असायक्लोव्हिर वेगळं द्यावं लागतं. आणि औषधाला दाद न देणाऱ्या सीएमव्हीसाठी आता मॅरिबाव्हिर आहे.

बीके विषाणूची तऱ्हा आणखी न्यारी. तो मूत्रपिंडातच दडलेला असतो. ताप नाही, दुखणं नाही. फक्त क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावल्याचं रक्तातलं माप, हळूहळू चढतं. रिजेक्शनमध्येही, म्हणजे शरीर नवा अवयव नाकारू लागतं तेव्हाही, क्रिएटिनिनच चढतं. पंचाईत ही, की रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची आणि बीके असेल तर ढिली सोडायची. चूक झाली तर औषधच आगीत तेल ओततं. म्हणून पहिले नऊ महिने दर महिन्याला आणि पुढे दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्तातला बीके मोजावा, असं आज तज्ज्ञांचं मत आहे. त्यावर खात्रीचं औषध अजून नाही. लेव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक वापरून पाहिलं, चाचण्यांत उपयोग दिसला नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करणं हाच उपचार, आणि तो डॉक्टरांनीच करायचा, तुम्ही घरी नाही.

हिपॅटायटिस सीबद्दल मात्र चांगली बातमी आहे. आठ-बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, त्यामुळे काही ठिकाणी तो असलेल्या दात्यांचे अवयवही आता वापरतात.

औषधांच्या आपसातल्या भांडणाचं एक उदाहरण देतो. कोविडच्या पॅक्सलोव्हिडमध्ये रिटोनाव्हिर असतं. ते यकृतात टॅक्रोलिमसचा निचरा अडवतं, आणि रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी विषारी होईपर्यंत चढते. तेव्हा दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आधी टॅक्रोलिमसचं नाव सांगा.

लसींबद्दल तुमच्या प्रश्नांच्या बऱ्याच चिठ्ठ्या आल्यात. कांजिण्या, गोवर यांच्या जिवंत (कमजोर केलेला जिवंत विषाणू असलेल्या) लसी प्रत्यारोपणाच्या निदान चार आठवडे आधी घ्यायच्या. नंतर त्या साधारणपणे देत नाहीत. फ्लूचं इंजेक्शन, हिपॅटायटिस बीची आणि नागिणीची नवी लस नंतरही चालते. घरच्यांनी आपापल्या लसी जरूर घ्याव्यात, फक्त तोंडाने द्यायची पोलिओची लस टाळावी. शेवटची चिठ्ठी एका आजींची दिसते: नातवाला रोटाव्हायरसची लस दिली, त्याला जवळ घेऊ का? घ्या. पण लसीनंतर चार आठवडे त्याचे लंगोट दुसऱ्या कुणाला तरी बदलू द्या.