झोपेची तक्रार घेऊन आलेला माणूस

(दृश्य: पहाट. मोठ्या हार्डवेअर दुकानाच्या वाहनतळावर रोजगाराची वाट बघत उभे असलेले मजूर.)

निवेदन:

वॉशिंग्टन शहरातला माउंट प्लेझंट आणि कोलंबिया हाइट्सचा परिसर. १९८०च्या दशकात एल साल्वादोरमध्ये यादवी पेटली, आणि जीव वाचवून निघालेली हजारो माणसं या गल्ल्यांमध्ये येऊन राहिली. त्यांच्यासाठी १९८३ साली इथे ‘ला क्लिनिका देल पुएब्लो’ हा दवाखाना उभा राहिला, स्वयंसेवकांच्या बळावर. अमेरिकेत असे सामुदायिक दवाखाने आज गावोगावी आहेत. पैसे नाहीत म्हणून तिथून कुणाला परत पाठवत नाहीत.

(दृश्य: दवाखान्याची प्रतीक्षाखोली. भिंतीवर स्पॅनिशमधली पत्रकं.)

“मला नैराश्य आलंय,” असं म्हणत इथे सहसा कुणी येत नाही. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, ‘नेर्विओस’चा, म्हणजे घाबरेपणाचा, मनाच्या अस्वस्थतेचा त्रास आहे, असं सांगतात. बोलायला कुणी बसलं की मग हळूहळू बाकीचं बाहेर येतं. वाटेत झालेली मारहाण, कधी लैंगिक अत्याचार. मागे राहिलेली मुलं. एका खोलीत सहा जण, आणि तरीही कुणाशी बोलायची सोय नाही. मग दारू. दारूच्या नशेत किंवा नुसत्या एकटेपणात आलेले संबंध, ज्यात कंडोमचा विचार झालेला नसतो.

समुपदेशक समोर नैराश्य मोजणारा एक कागद ठेवतात. नऊ प्रश्न, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, जगू नये असं वाटलं का. दारूसाठी वेगळे दहा प्रश्न. पण त्या नऊ प्रश्नांत शरीरसंबंधांबद्दल एकही नाही. आणि नेमक्या याच जागी हा माणूस सुटून जातो.

अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो समाज, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मूळ असलेली माणसं, सुमारे एक पंचमांश. २०२२मध्ये एचआयव्हीची नव्याने लागण झालेल्यांत मात्र जवळपास एक तृतीयांश याच समाजातले. १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाची निदान एकदा तरी एचआयव्ही तपासणी व्हावी, असं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २००६पासून सांगितलेलं आहे. होतं काय, तर डॉक्टरांना ज्याच्याबद्दल शंका येते त्यालाच विचारलं जातं. लग्न झालेली, दर रविवारी चर्चला जाणारी बाई? तिला कोण विचारणार! आणि समुपदेशकांना वाटतं, हे आपलं खातं नाही. आम्हाला वाटतं, ते त्यांचंच खातं आहे. ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तरी तोंड उघडलं, त्याला दुसऱ्या इमारतीचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला तर तो तिथे जाईलच, याची खात्री कोण देणार? त्याला तपासणीसाठी शेजारच्या खोलीत आपणच सोबत घेऊन जायला हवं, त्याच दिवशी.

(दृश्य: इमिग्रेशन कार्यालयाबाहेरची रांग.)

भीती मोठी आहे, आणि ती उगाच आलेली नाही. १९८७पासून २०१०च्या जानेवारीपर्यंत एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत येऊन राहण्यास कायद्याने मनाई होती. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीतून एचआयव्ही तेव्हा वगळला गेला, सिफिलिस आणि गनोरिया हे शरीरसंबंधातून पसरणारे आजार राहिले. ग्रीन कार्ड काढलेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांनीही ही रक्ततपासणी दिली असेल. मग ‘रक्त तपासायचं आहे’ म्हटल्यावर कागदपत्रं नसलेला माणूस कचरला, तर नवल काय? म्हणून सुई टोचण्याआधी हे स्पष्ट सांगावं लागतं: ही तपासणी उपचारासाठी आहे, तुमच्या इमिग्रेशनच्या फाइलशी तिचा संबंध नाही.

आणि ते त्याच्या भाषेत सांगावं लागतं. दहा-बारा वर्षांच्या मुलीने आईच्या शरीरसंबंधांचे प्रश्न भाषांतर करून सांगायचे, हा प्रकार आणीबाणी सोडता नियमाने बंद आहे. कारण उघड आहे, मुलीसमोर कुठली आई खरं बोलेल? ग्वाटेमालातून आलेल्या माम किंवा किचे बोलणाऱ्यांना तर स्पॅनिश दुभाषीही पुरत नाही.

(दृश्य: बोटावर कापूस. टेबलावर छोटी प्लॅस्टिकची पट्टी.)

तपासणीला वेळ लागत नाही. बोटाच्या टोकाला टोचायचं, रक्ताचा थेंब, मग वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे तपासणी नीट झाली. दुसरी उमटली, तर खात्रीसाठी प्रयोगशाळेत पुन्हा रक्त द्यायचं. सिफिलिससाठीही रक्तच. क्लॅमिडिया (असाच शरीरसंबंधातून पसरणारा आजार) आणि गनोरियासाठी लघवी चालते, पण संसर्ग घशात किंवा गुदद्वारात असेल तर लघवीत तो सापडत नाही. म्हणून न लाजता विचारावं लागतं.

ती वीस मिनिटं समुपदेशकाने उठून जाऊ नये.

निकाल निगेटिव्ह आला आणि जोखमीचा संबंध अगदी अलीकडचा असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची. लागण टाळणारी ‘प्रेप’ची गोळी २०१२पासून मिळते, तिच्याबद्दलही याच भेटीत बोलता येतं. पॉझिटिव्ह आला, तर १९९०पासून चालू असलेल्या रायन व्हाइट या सरकारी कार्यक्रमातून विमा नसलेल्यांनाही औषधं मिळू शकतात. नियमित गोळ्या घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण गोळी रोज घ्यायची आहे. रात्रभर जागा असणारा, दारूत बुडालेला माणूस ती विसरतो, आणि विषाणू पुन्हा वाढतो. म्हणून औषधांची पुढची तारीख आणि समुपदेशनाची तारीख या दवाखान्यात एकाच कार्डावर लिहिली जावी.