कर्जतचा धक्का

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबली की डब्यात दोन तट पडतात. काही जण खिडकीतून हात काढून वडेवाल्याला हाका मारतात. शेवटच्या डब्यातले जाणते मात्र चहाचा कप घट्ट धरून बसतात, कारण आता मागून धक्का बसणार हे त्यांना ठाऊक असतं.

तो धक्का बँकरचा, म्हणजे घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या जादा इंजिनांचा. कर्जतहून लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर, पण तेवढ्यात गाडीला साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठायची असते. अवघड जागी दर ३७ फुटांना एक फूट चढ. ऐकायला किरकोळ वाटतं. आपली एसटी असा चढ हसत चढेल. पण गुळगुळीत रुळावर लोखंडी चाक, त्यात पावसाळा! पुढच्या इंजिनानं एकट्यानं ओढायचं म्हटलं तर सगळा ताण डबे जोडणाऱ्या कपलिंगवर येणार, आणि कपलिंग तुटलंच तर डबे उलटे घरंगळणार. म्हणून मागून रेटा द्यायचा.

प्लॅटफॉर्मच्या मुंबईकडच्या टोकाला उभं राहून मी हे कितीदा तरी पाहिलंय. एकमेकांना जोडलेली दोन-तीन इंजिनं माणसाच्या चालीनं पुढे सरकतात. शेवटच्या डब्याशी उभा असलेला माणूस हातानं खुणा करतो. ये, ये, ये... बस. खण्ण! मग तो वाकून मधे शिरतो, ब्रेकचा पाइप जोडतो. फुस्स करून हवा भरते. पुढच्या इंजिनाचा भोंगा होतो, मागचे त्याला ओ देतात, आणि वडेवाल्याकडे सुट्टे पैसे राहिलेला एखादा प्रवासी दारातून ओरडत घाट चढू लागतो.

एक गंमत सांगतो. घाट चढणारी ही गाडी रेल्वेच्या भाषेत 'डाऊन', आणि उतरणारी 'अप'! इंग्रजांच्या काळच्या जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कारभार मुंबईतून चाले, तेव्हा मुंबईकडे येणारं सगळं 'अप'. सह्याद्रीला कोण विचारतो?

सुरुवातीला तर घाटातून गाडी नव्हतीच. १८५६ मध्ये रूळ पोचले ते खोपोलीपर्यंत. १८५८ मध्ये वर खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली, आणि मधला घाट लोक पालखीतून नाहीतर गाड्याघोड्यांनी पार करत. आज कर्जतहून खोपोलीला एकेरी रुळावरची लोकल जाते, तिच्यात पेंगणाऱ्या कॉलेजच्या पोरांना आपण जुन्या मुख्य मार्गावर बसलोय याची गंधवार्ताही नसते.

घाट बांधणं काही सरळ झालं नाही. पहिल्या कंत्राटदाराच्या काळात मजुरीच्या थकबाकीवरून दंगल झाली, कंत्राट गेलं. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं वारला. त्याची बायको अ‍ॅलिस सामान बांधून विलायतेला परतली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. तिनं कंत्राट ठेवलं, इंजिनिअर नेमले आणि काम पुरं करून घेतलं. १८६१ च्या सुमारास इथे चाळीस हजारांवर माणसं राबत होती. पंचवीस बोगदे खोदून १८६३ मध्ये घाट खुला झाला. तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे एका जागी गाडीला इंजिन बदलून उलट दिशेनं निघावं लागे. तो खटाटोप १९२९ मध्ये, विजेची गाडी आली तेव्हा, संपला.

विजेबरोबर आला 'खेकडा'. स्वित्झर्लंडहून आलेलं ते लांबुडकं मालगाडीचं इंजिन. कागदोपत्री नाव काहीही असो, आपल्या रेल्वेवाल्यांनी बघितलं आणि बारसं उरकलं. त्या जातीतलं 'सर लेस्ली विल्सन' मुंबईत सीएसएमटीच्या आवारात मांडून ठेवलंय. जाता-येता जरूर बघा. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावली, आणि तिचा दिमाख आपण जाणतोच. पण तिलाही कर्जतला थांबून मागून खांदा घ्यावाच लागला.

लोणावळ्याला बँकर सुटतात. पुण्याला जाणारा त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. तिथे चिक्की असते ना! ती इंजिनं मग एकमेकांना धरून, डब्यांविना, बोगद्यांतून गुरगुरत परत खाली येतात. संध्याकाळी कर्जतच्या पुलावरून त्यांचे दिवे आधी दिसतात, आवाज मागून येतो. तोवर प्लॅटफॉर्मवर पुढची गाडी लागलेली असते, आणि वडे तळायला पडलेले असतात.

नमस्कार.