शुक्राणू, मेद आणि प्राणवायूची झळ

वीर्यतपासणीचा अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर आधी संख्येवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख ही शुक्राणूंची खालची संदर्भमर्यादा दिली आहे, आणि आपला आकडा तिच्या वर दिसला की माणूस निर्धास्त होतो. पण शुक्राणू किती आहेत याइतकेच ते कोणत्या अवस्थेत आहेत हेही महत्त्वाचे असते, आणि स्थूलतेचे परिणाम समजून घ्यायचे तर आधी शुक्राणूची अंगरचनाच पाहायला हवी.

जेमतेम ५ मायक्रोमीटरचे डोके, त्यामागे ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचे वेटोळे असलेला मधला भाग आणि मग लांब शेपटी, एवढाच हा जीव. घडणीच्या शेवटच्या टप्प्यात ही पेशी आपले बहुतेक पेशीद्रव टाकून देते, आणि इतर पेशींमध्ये फ्री रॅडिकलना, म्हणजे प्राणवायूपासून बनणाऱ्या आणि शेजारच्या रेणूंवर तुटून पडणाऱ्या कणांना, आवरणारी विकरे (एन्झाइम) असतात ती याच पेशीद्रवात. शिवाय तिच्या आवरणात बहुअसंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात; त्यांच्यामुळे आवरण लवचिक राहते खरे, पण ऑक्सिडीकरणाला तीच सहज बळी पडतात. एका रेणूला लागलेली झळ शेजारच्याला लागत जाते, आवरण ताठरते आणि शेपटीचे फटकारे मंदावतात. डीएनए तुटले तर ते सांधण्याची सोयही परिपक्व शुक्राणूकडे जवळपास उरलेली नसते. ते काम पुढे बीजांडावर पडते आणि त्याचीही कुवत अमर्याद नसते.

भरपूर प्राणवायूत ठेवलेल्या मानवी शुक्राणूंची हालचाल थंडावते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारे कॅटालेज हे विकर घातल्यास ती टिकून राहते, हे जॉन मॅक्लाउड यांनी १९४३ मध्येच दाखवले होते. म्हणजे घात करणारे होते ते हायड्रोजन पेरॉक्साइड. तरीही फ्री रॅडिकलना आणि त्यांच्या अशा भाऊबंदांना सरसकट खलनायक ठरवू नये, कारण बीजांडात शिरण्याची क्षमता अंगी येण्यासाठी शुक्राणूला ते अल्प प्रमाणात लागतातच.

आता स्थूलतेकडे वळू. मेद म्हणजे नुसते कोठार, ही समजूत सोडावी लागते. मेदपेशींमधील अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. वाढलेले इस्ट्रोजेन मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि पियुषिका ग्रंथीला आवर घालते, आणि वृषणांना मिळणारी चालना कमी होते. फुगलेल्या मेदऊतीतून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात उतरत राहतात आणि त्यांच्या जोडीने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे फ्री रॅडिकलचा भार, हाही वाढतो. भरीस भर म्हणजे वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते, आणि मांड्या व ओटीपोटावरच्या मेदाने तो थंडावा टिकणे अवघड होते.

मग फ्री रॅडिकलना निष्प्रभ करणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या की झाले, असे वाटणे साहजिक आहे. माझ्या मते या विषयात सर्वाधिक फसगत इथेच होते. वंध्यत्वावर उपचार घेऊ इच्छिणाऱ्या २,३७० जोडप्यांचा अमेरिकेतील अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांना सहा महिने अशा गोळ्यांत असणारे जस्त आणि फॉलिक अॅसिड देऊनही बाळ होण्याचे प्रमाण वाढले नाही, उलट शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड किंचित जास्तच आढळली. याउलट, डेन्मार्कमध्ये ५६ स्थूल पुरुषांनी आठ आठवडे अत्यल्प उष्मांकाचा आहार घेऊन सरासरी १६.५ किलो वजन उतरवले, तेव्हा शुक्राणूंची घनता सुमारे दीडपट झाली, आणि वर्षभरानंतरही ज्यांनी वजन परत वाढू दिले नाही त्यांच्यातच हा लाभ टिकला. हा अभ्यास लहान आहे आणि त्यात मोजले गेले ते वीर्य, अपत्यप्राप्ती नव्हे; पण रोख स्पष्ट आहे.

एका चुकीबद्दल मात्र बजावून सांगायला हवे. टेस्टोस्टेरॉन कमी भरले म्हणून मूल हवे असलेल्या पुरुषाने ते इंजेक्शनने घेऊ नये. बाहेरून आलेल्या संप्रेरकाने पियुषिका ग्रंथीचा इशारा आणखी दबतो आणि शुक्राणूंची निर्मिती पार थांबूही शकते.

तपासणी पुन्हा कधी करायची, हेही शुक्राणूच्या घडणीवरूनच ठरते. ही घडण सुमारे ७४ दिवस चालते आणि पुढच्या प्रवासाला आणखी काही दिवस लागतात, म्हणून तीन महिन्यांचे अंतर ठेवावे. वजन उतरू लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात दिलेल्या नमुन्यात जुन्याच वजनात घडू लागलेले शुक्राणू असतात.